सह्याद्रीत नेहमी ट्रेक करणाऱ्याला किलिमांजारो ५ दिवसांत जमेल का? गाईड-पोर्टरचा खर्च टाळता येतो का?

गाईडचा भाग आधी संपवतो, कारण तिथे निवड नाहीच. १९९१ पासून किलिमांजारोवर परवानाधारक गाईडशिवाय जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानाचं, म्हणजे पार्कचं शुल्क कंपनीमार्फत भरलं जातं आणि गेटपासून प्रत्येक कँपवर रजिस्टरमध्ये नोंद होते. सॅक मी स्वतः उचलेन म्हटलं, तरी तंबू, गॅस, भांडी, आठवडाभराचा शिधा कुणाच्या तरी डोक्यावरून जाणारच. वाटेत गाव नाही, टपरी नाही. एका ट्रेकरमागे तीन-चार पोर्टर हे नेहमीचं प्रमाण आहे.

आता ५ दिवस. जमेल का? काहींना जमतं. तुम्ही जावं का? नाही. “महिन्याला दोन किल्ले करतो, दम लागत नाही, मग सात-आठ दिवसांचे पैसे कशाला घालवायचे?” हा युक्तिवाद आपल्या ट्रेकर मंडळींकडून कायम ऐकत आलोय आणि तो मुळातच चुकीचा आहे. किलिमांजारोच्या वाटांपैकी मचामे ही एक, तिचं गेट सुमारे १,८०० मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १,६४६. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्या वरून ही वाट सुरू होते. त्या उंचीचा सराव सह्याद्रीत कुणालाच मिळत नाही, कितीही किल्ले झालेले असोत.

शरीरात काय होतं ते नीट समजून घ्या, मग दिवसांचा हिशोब आपोआप कळेल. माथ्यावर, ५,८९५ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून श्वास वाढतो. जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू लगेच श्वासाला लगाम घालतो. म्हणूनच रात्री तंबूत शेजारच्याचा श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि मग तो दचकून मोठा श्वास घेतो. हा लगाम सैल होतो तो मूत्रपिंडांनी जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकल्यावर, आणि त्या कामाला काही दिवस लागतात. पोटऱ्या कितीही दणकट असोत, मूत्रपिंडांचा वेग वाढत नाही. उलट फिट माणूस झपाझप चढतो आणि शरीर तयार व्हायच्या आत वर पोचतो. विशी-पंचविशीतली धावणारी मुलं होरोंबोच्या मुक्कामाला जेवणाचं ताट बाजूला सारून बसलेली आणि पन्नाशीच्या काकू निवांत सूप पिताना दिसतात, त्याचं कारण हे.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. आता मारंगू या दुसऱ्या वाटेचा ५ दिवसांचा ट्रेक पाहा. पहिली रात्र मंदारा २,७२०, दुसरी होरोंबो ३,७२०, तिसरा मुक्काम किबो हट ४,७२०, आणि त्याच मध्यरात्री माथ्याकडे. लागोपाठ दोनदा हजार-हजार मीटरची उडी, आणि गेटपासून माथ्यापर्यंत पुरते तीन दिवससुद्धा नाहीत. उतरायचंही त्याच वाटेने. हे पॅकेज स्वस्त म्हणून खपतं. निम्म्यातून परत फिरलात तर त्यातला एक डॉलरही परत मिळत नाही.

मचामेही ६ दिवसांचा विकतात, तोही घेऊ नका. सात दिवसांचाच घ्या. दोघांतला फरक एकाच मुक्कामाचा, करंगा. दुसऱ्या रात्री तुम्ही शिराच्या पठारावर, सुमारे ३,८४० मीटरवर असता. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, ४,६३० च्या आसपास चढून पुन्हा बरांकोला ३,९५० च्या जवळपास उतरायचं. दिवसभर राबून झोपायची उंची शंभर-सव्वाशे मीटरच वाढते म्हणून लोक कुरकुरतात, पण सगळ्या ट्रेकमधला सर्वांत कामाचा दिवस हाच. टॉवरपाशी डोकं ठणकणार हे धरून चाला. तिथे जेवा, पाणी प्या, आडवे होऊ नका, वेळेत उतरा. बरांकोला पोचेपर्यंत डोकेदुखी उतरली तर शरीर जुळवून घेतंय. चौथ्या दिवशी बरांकोचा कडा, अडीचशे मीटरचा. फोटोत पाहून घाबरू नका, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्याला तो रॉक पॅचही वाटणार नाही. सह्याद्रीचा खरा उपयोग इथे होतो. ६ दिवसांवाले त्याच दिवशी करंगा ओलांडून थेट बराफूला, माथ्याआधीच्या शेवटच्या कँपवर, ४,६७० मीटरवर जातात. दुपार उलटल्यावर पोचतात, घास गिळतात, तीन-चार तास डोळे मिटून पडतात आणि मध्यरात्री निघतात. सात दिवसांवाले करंगाला झोपून दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी बराफूला. शेवटच्या चढाईआधी मिळालेली ही एक पूर्ण दुपार, हीच त्या जादा दिवसाची किंमत.

शेवटच्या रात्रीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ५ की ७ याचा निकाल तिथेच लागतो. बराफूहून रात्री बाराच्या सुमारास निघायचं. चढ बाराशे मीटरचा, थंडी उणे १० ते उणे २० आणि वर वारा. विवराच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटच्या आधीचा शेवटचा टप्पा निव्वळ घसारा आहे, दोन पावलं वर, एक खाली. काठ्या दोन हव्यात आणि गेटर्स हवेत, नाहीतर बूट खड्यांनी भरतो आणि तो रिकामा करायला हातमोजा काढला की बोटं गेलीच. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तुम्ही जोरात चालताय, पुढचा किती लांब गेलाय ते पाहू नका. सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या दोन तासांत गोठते. म्हणून रुंद तोंडाच्या दोन बाटल्या गरम पाण्याने भरून, जाड मोज्यात घालून, उलट्या ठेवायच्या. बर्फ पाण्याच्या पृष्ठभागावर आधी धरतो, तो बुडाकडे राहतो आणि तोंड उघडं राहतं. हेडटॉर्चचे जादा सेल आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांवर आख्खा पंजा झाकणारे मिटन. खायचं ते पाऊण-एक तासाने, उभ्याउभ्या, दोन घास. चिक्की थंडीत दगड होते, खजूर आणि लाडू चालतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलात तर घाम गार पडतो आणि मग थरथर थांबत नाही. स्टेलावर, ५,७५० च्या आसपास, बरेच जण बसकण मारतात. तिथून उहुरूपर्यंत, म्हणजे खऱ्या माथ्यापर्यंत, विवराच्या कडेने तासाभराची, बरीचशी सोपी वाट उरलेली असते.

त्यानंतरचा उतार कुणी मोजत नाही. माथ्यावरून म्वेका कँपपर्यंत त्याच दिवशी सुमारे २,८०० मीटर उतरायचं असतं. अंगठ्यांची नखं काळी पडतात ती इथे. आदल्या दिवशी नखं कापा आणि उतरताना लेस घोट्यापाशी आवळून बांधा.

आता पैसे. पार्कचं शुल्क सगळ्या कंपन्यांना सारखंच. माझ्या माहितीतल्या दराने प्रौढ परदेशी माणसाला दिवसाला ७० डॉलर, तंबूची रात्र ५० (मारंगूच्या हटमध्ये ६०), बचावकार्याचे एकदाच २०, आणि वर १८ टक्के व्हॅट. म्हणजे ७ दिवसांच्या मचामेला पार्कचेच साडेनऊशेच्या आसपास होतात आणि एक जादा दिवस पार्ककडे सुमारे १४० डॉलरला पडतो. दर बदलतात, कंपनीकडून हे आकडे वेगळे लिहून मागा. शुल्क कमी करता येत नाही, मग एखादी कंपनी निम्म्या किमतीत कशी नेते? पोर्टरच्या मजुरीतून, त्याच्या जेवणातून, गाईडांची संख्या कमी करून. नियमाने पोर्टरचं ओझं २० किलो. तुमची डफल, म्हणजे पोर्टर उचलतो ती बॅग, १५ किलोच्या आत हवी. गेटवर वजन होतं. तिथे उभं राहून पाहा, कुणाच्या डोक्यावर काय जातंय. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था मजुरी, जेवण आणि झोपायची सोय तपासते आणि निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. त्या यादीतली कंपनी घ्या. इकडच्या आयोजकाबरोबर २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या बॅचने जाणार असाल, तर डोंगरावरची स्थानिक कंपनी कोणती हे आधी विचारा. उत्तर टाळलं तर बॅच सोडा.

टिप मनाची मौज समजू नका, तो कमाईचा धरलेला भाग आहे. पूर्ण ग्रुपमिळून दिवसाला मुख्य गाईडला २० ते २५ डॉलर, स्वयंपाक्याला १२ ते १५, प्रत्येक पोर्टरला ८ ते १०. कागदावर लिहून, सगळ्यांसमोर. जुन्या किंवा फाटक्या नोटा तिकडे घेत नाहीत. “पोर्टर घेतला म्हणजे डोंगर आपण चढलोच नाही” असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, हा माथा पहिल्यांदा गाठणारा हान्स मायर १८८९ मध्ये वर पोचला तो वाटेत ठिकठिकाणी शिध्याचे कँप लावून, आणि ते लावले होते स्थानिक माणसांनी.

गाईड कशासाठी, तर वाट दाखवायला नव्हेच. वाट मळलेली आहे. थकलेला माणूस आणि मेंदूला सूज येऊ लागलेला माणूस सुरुवातीला सारखेच दिसतात. गाईड टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला लावतो. तोल गेला तर चर्चा नाही, खाली. बसल्या जागी धाप, ओला खोकला, फेसाळ थुंकी ही फुप्फुसात पाणी भरल्याची लक्षणं, तेव्हाही खाली, रात्र असली तरी. ऑक्सिजनचं सिलिंडर आणि औषधं उतरायला वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. डोकेदुखी गाईडपासून लपवू नका. उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, हा नेहमीचा डोस. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. ते मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करवतं, लक्षणं झाकत नाही. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर घेऊ नका, आणि इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच. विम्यात ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर स्पष्ट लिहिलेलं हवं.

सरावाबद्दल थोडक्यात. एका दिवसात किल्ला मारून परतण्यापेक्षा लागोपाठ तीन दिवसांचे ट्रेक करा, रतनगड ते हरिश्चंद्रगडसारखे, आणि मुद्दाम हळू चाला. बूट घरी वापरून मऊ झालेलेच न्या आणि विमानात पायात घाला, बॅग मागे राहिली तर बाकी सगळं पायथ्याच्या मोशी शहरात भाड्याने मिळतं. शाकाहारी असाल तर स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी सांगा. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या, चार हजारांवर मऊ भाताशिवाय काही जात नाही. साध्या प्लास्टिक पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, कपडे ड्राय बॅगमध्ये भरा. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर यलो फीव्हरची लस निदान १० दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट परतताना मुंबईतही मागू शकतात.

मारंगू सरसकट वाईट नाही. मार्च मध्यापासून मेपर्यंतच्या पावसात किंवा नोव्हेंबरात जावंच लागलं तर डोक्यावर छप्पर फक्त त्याच वाटेवर आहे. तेव्हा ६ दिवसांचा घ्या आणि होरोंबोला दोन रात्री काढा. आणि ज्यांना दिवस कमी करायचेच आहेत त्यांनी आधी शेजारचा मेरू डोंगर करावा. ४,५६६ मीटर, तीन-चार दिवस, जंगली जनावरांमुळे बंदूकधारी रेंजर सोबत. तो उतरल्यावर एक दिवस आराम करून लगेच मचामेला लागलात, तर मात्र ६ दिवस पुरतात.