२६ जानेवारीच्या परेडसाठी एनसीसीचा गणवेश कसा तयार करावा?

ताई, तुमची लेक नववीत आहे, एनसीसीच्या आर्मी विंगमध्ये आहे आणि २६ जानेवारीला तिची पहिली परेड आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ढगळ शर्ट शिंप्याकडून बसता करून घ्यावा का, आजोबांचं १९७१ च्या लढाईचं संग्राम मेडल तिच्या छातीवर लावलं तर चालेल का, आणि परेड सुटल्यावर तिला तशीच गणवेशात मामाच्या लग्नाला नेता येईल का.

शिंप्याकडे जरूर जा. मेडल लावू नका. लग्नाला गणवेशात नेऊ नका. का ते सविस्तर सांगते, कारण त्या वयात नुसतं 'नाही' म्हटलेलं पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. मी शाळेत दोन वर्षं आणि कॉलेजात तीन वर्षं एनसीसी केली, शेवटच्या वर्षी सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटमधल्या सगळ्यात वरच्या पदावर, होते. आता दर जानेवारीत आमच्या गावच्या शाळेतल्या मुलींना परेडसाठी तयार करते.

आधी शर्ट. शिंप्याला 'फिटिंग कर' एवढंच सांगितलंत तर तो कमरेत आणि बगलेत टिपा मारून शर्ट अंगालगत करून देईल. आरशात तो छान दिसतो, मैदानावर मात्र गोची होते. शिंप्याच्या दुकानातच मुलीला सावधानमध्ये उभी करा आणि सॅल्यूट करायला सांगा. हात वर जाताना शर्ट पँटमधून उपसला गेला किंवा दोन बटणांच्या मध्ये फट पडली, तर तो जास्त घट्ट झाला. मग तिला हात हलवत 'तेज चल' करायला लावा. दंड खांद्याच्या उंचीपर्यंत मोकळा फिरला पाहिजे. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली, कॉलरमध्ये दोन बोटं गेली आणि पँटची कड बुटावर टेकली, की बास. कॉलरचा आकार, खिसे, खांद्यावरच्या पट्ट्या यांना हात लावू द्यायचा नाही. ते जसे आहेत तसेच सगळ्यांचे असतात.

खाकीच्या छटेचंही बघा. अलीकडे गणवेशाचा भत्ता कॅडेटच्या बँक खात्यात जमा होतो आणि कपडा बाहेरून घ्यावा लागतो, त्यामुळे एकाच तुकडीत कोणाची खाकी पिवळसर तर कोणाची हिरवट दिसते. कापड घेण्याआधी शाळेतल्या एएनओंना, म्हणजे एनसीसी बघणाऱ्या शिक्षकांना, नमुना दाखवा. बाह्या दुमडायच्या की सोडायच्या हेही तेच सांगतील. ते एकट्या मुलीने ठरवायचं नसतं. तीस जणींच्या बाह्या खाली आणि एकीच्याच वर, असं चालत नाही.

आता बेरेट, म्हणजे गणवेशावरची मऊ गोल टोपी. यासाठी वेळ काढा, कारण पहिल्या वर्षीच्या मुली इथेच हमखास चुकतात. नवी बेरेट डोक्यावर पोळी ठेवल्यासारखी दिसते. तिला वळण लावावं लागतं. कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, नुसती दाबून पाणी काढायचं. ओलीच डोक्यावर चढवायची. कातडी पट्टी कपाळावर सरळ आडवी हवी, भुवयांच्या साधारण दोन बोटं वर. बॅजची जागा डाव्या डोळ्यावर. मग उजव्या तळव्याने वरचं कापड उजवीकडे आणि खाली कानाच्या दिशेने ओढून चपटं बसवायचं. मागची नाडी आवळून गाठ मारायची आणि टोकं पट्टीच्या आत खोचायची. ती मागे लोंबत असली तर इन्स्पेक्शनला पहिली नजर तिथेच जाते. आकार आला की हलक्या हाताने काढून डोक्याच्या मापाच्या स्टीलच्या डब्यावर वाळत ठेवा. मी आजीच्या पोह्यांच्या डब्यावर ठेवायचे. उन्हात नको, पंख्याखाली. एकदा केलं तर अर्धवटच वळते, दोन-तीनदा करावं लागतं, म्हणून हे काम २५ तारखेच्या रात्रीवर ठेवू नका. आणि केसांचा अंबाडा बांधूनच माप घ्या. वेणी घालून माप घेतलं आणि परेडला अंबाडा घातला, तर बेरेट मागून उचलली जाते.

बॅजच्या मागे लाल हॅकल येतो, तो पिसांचा तुरा. तो सरळ उभा हवा, एका बाजूला कललेला नको. पिसं चिकटली असतील तर किटलीच्या वाफेवर क्षणभर धरून बोटांनी मोकळी करा.

बेल्टचं बक्कल ब्रासोने घासताना मागे जाड कागदाची पट्टी सरकवा, नाहीतर बेल्टच्या कापडावर डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत. बक्कल बरोबर मध्ये आलं पाहिजे: शर्टाच्या बटणांची पट्टी, बक्कल आणि पँटची चेन, तिन्ही एका ओळीत. नावाची पट्टी उजव्या खिशाच्या वर. बुटांना आधी ब्रशने पॉलिश, मग बोटाला सुती फडकं गुंडाळून, त्यावर पाण्याचा थेंब घेऊन, पुढच्या टोकावर बारीक गोल गोल फिरवत राहायचं. पहिल्या दहा मिनिटांत काहीच दिसत नाही, मग हळूहळू तिथे खिडकीचा उजेड दिसायला लागतो. हे काम तिलाच करू द्या. तुम्ही करून दिलंत तर मैदानावर बुटावर धूळ बसल्यावर काय करायचं ते तिला कळणार नाही.

लोंबतं कानातलं, बांगड्या, गळ्यातली दिसणारी साखळी, नेलपॉलिश, कपाळावर आलेल्या बटा, यातलं काही नको. लग्नघरात आदल्या दिवशी मेंदी असणार, ती काढण्याआधी एएनओंना विचारून घ्या. पाहुण्यांना मानवंदना देणाऱ्या तुकडीत तिची निवड झाली असेल तर स्कार्फ, अँकलेट (बुटाच्या वर घोट्याभोवती बांधायचे पट्टे) असं जास्तीचं सामान लागेल. ते शाळेतून मिळतंय का बघा, आपल्या मनाने बाजारातून आणू नका.

आता मेडल. इथे माझी एक गोष्ट सांगते. आठवीत असताना मी माझ्या भावाचा कॅम्पचा बॅज खिशावर लावून परेडला गेले. भाऊ कॉलेजात कॅडेट होता, त्या बॅजवर माझा फार जीव होता. आम्हाला ड्रिल शिकवायला बटालियनचे एक हवालदार यायचे. ते रांगेतून चालत आले, माझ्यासमोर थांबले आणि विचारलं, "कोणता कॅम्प केलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते रागावले नाहीत. त्यांनी बॅज काढला, माझ्या तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि पुढच्या मुलीकडे गेले. परेड संपेपर्यंत तो बॅज माझ्या मुठीत रुतत होता. पुढच्या वर्षी माझ्या स्वतःच्या कॅम्पनंतर मी तसाच बॅज लावला, तेव्हा मूठ मिटण्यामागचा अर्थ मला समजला.

गणवेशावरची प्रत्येक वस्तू काहीतरी सांगत असते. बाहीवरची एक फीत म्हणजे लान्स कॉर्पोरल, दोन म्हणजे कॉर्पोरल, तीन म्हणजे सार्जंट. खांद्यावरची अक्षरं एनसीसीची आहेत, सैन्याची नाहीत. कॅडेट सैनिक नसतो. १९४८ च्या कायद्याने ही संघटना उभी राहिली, ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, पण कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कोणतंही बंधन नाही. तिच्या छातीवर संग्राम मेडल दिसलं तर त्याचा अर्थ 'ही १९७१ मध्ये सेवेत होती' असा होतो. ते खरं नाही, आणि आजोबांनी जे कमावलं त्याचा तो मानही नाही. सासरे स्वतः सुभेदार होते म्हणालात. त्यांना एकदा विचारा, ते माझ्याआधी नाही म्हणतील.

पण मेडल पेटीतच राहू द्या असं मी म्हणणार नाही. आजोबांना कोट घालू द्या, त्यांचं मेडल त्यांच्याच छातीवर, डाव्या बाजूला लागू द्या आणि त्यांना शाळेच्या मैदानावर पुढच्या खुर्चीत बसवा. झेंडा फडकेल तेव्हा गणवेशातली मुलगी हुकमावर सॅल्यूट करेल आणि आजोबा सावधान उभे राहतील. त्या दोघांकडे बघणाऱ्याला मेडल कोणाचं आणि वारसा कोणाचा हे वेगळं सांगावं लागणार नाही.

एक छोटा नियम तिला आजच सांगून ठेवा, कारण तो ऐन वेळी आठवत नाही. आपल्याकडे डोक्यावर बेरेट असेल तरच सॅल्यूट. बेरेट काढलेली असताना कोणी अधिकारी समोर आले तर सावधानमध्ये उभं राहून 'जय हिंद सर' म्हणायचं, हात उचलायचा नाही.

राहिलं लग्न. गणवेश परेड, कॅम्प, एनसीसीचे कार्यक्रम आणि तिथे जाण्या-येण्यापुरता असतो. लग्नाच्या पंगतीत, वरातीत, डीजेसमोर तो शोभत नाही. कोणीतरी तिला नाचायला ओढणार, कोणी व्हिडिओ काढणार, आणि तो व्हिडिओ आधी शाळेत पोचतो. अर्धा गणवेशही नको: जीन्सवर बेरेट किंवा खाकी पँटवर टी-शर्ट, हे तर मुळीच चालत नाही.

तुमची घाई मला कळते. म्हणून लग्नाचे कपडे सकाळीच पिशवीत भरून शाळेत न्या. परेड सुटली की आधी आजोबांबरोबर फोटो काढा, मग शाळेतच कपडे बदला. गणवेश हँगरला लावून गाडीत अडकवा. हॅकल बेरेटमधून काढून, रुमालात सैल गुंडाळून एखाद्या रिकाम्या डब्यात ठेवा. आहेराच्या पिशव्यांखाली दाबला गेला तर पिसं मोडतात, आणि १५ ऑगस्टला तोच लावायचा आहे.