कीबोर्डवाला कोपऱ्यातच का?

प्रश्न : मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गिटारवाला पुढं, मी मागं जनरेटरच्या बाजूला. रॉकमध्ये तरी कीबोर्डवाल्याला किंमत आहे का? आणि गावातल्या नव्या पोरांना स्टेज कोण देणार?
– एक वाचक, सेलू

उत्तर : आहे की राव! डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड ऐका. लेस्टरचा हा गडी लहानपणी पियानो शिकला आणि १९६८ साली बँड उभा राहिला तेव्हापासून त्यात होता. हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारा ऑर्गन, त्यानं गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. आवाज असा गुरगुरायला लागला की बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर याच्या गिटारीशी सवाल-जवाबच रंगायचे. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याची रचना बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं मिळून वाजवली.

तुमच्या कीबोर्डातही ऑर्गनचा टोन असेलच. त्याला ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे आवाज खरखरीत करणारं, पेडल लावून बघा, फक्त कीबोर्डचा व्हॉल्यूम आधी खाली घ्या. डावा हात जरा आवरा, तिथले खालचे सूर बास गिटारवाल्याचे आहेत.

राहिली पोरं. नांदेडला गणपतीत आमचे कार्यक्रम असायचे, तेव्हा मध्यंतरानंतरची दोन गाणी मी नव्यांना द्यायचो. मंडळवाले कुरकुरायचे, कुरकुरू द्या. शेवटी मात्र त्यांना उभं करू नका. तोवर बायाबापड्या लेकरं घेऊन निघालेल्या असतात. साउंडचेक त्यांचाही घ्या. आणि पाकीट द्या, नुसता नारळ नको.