पोरगं रात्रभर प्लॉटच बघत असतं

नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मामाचा प्लॉटचा धंदा आहे. त्याच्या जाहिराती हाच मोबाइलवरून वेबसाइटवर चढवतो, लेआउटवर, म्हणजे प्लॉट पाडलेल्या जमिनीवर, जाऊन फोटो काढतो. आता म्हणतो, प्रॉपर्टीवर लिहिणं हेच करिअर करणार. रात्री दीड-दीडपर्यंत मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग या जागांच्या जाहिरातींच्या साइट चाळत बसतो. विचारलं तर म्हणतो, ‘अपडेट राहावं लागतं, आई.’ हे काम आहे की नाद, असं त्यांनी विचारलंय.

ताई, नमस्कार.

काम आहे. पण तो ज्याला अपडेट राहणं म्हणतो, ते निव्वळ चाळणं आहे. साइटवर दिसतो तो मागितलेला भाव; सौदा कितीला पटला ते जाहिरातीत दिसत नाही. एकच प्लॉट चार डीलर चार भावांनी टाकतात, आणि विकला गेला तरी जाहिरात महिनोन्‌महिने तशीच लटकलेली असते. ‘मिहान (विमानतळालगतचं उद्योगक्षेत्र) दहा मिनिटांवर’ असं वाचून मी स्वतः एकदा बेसापलीकडचा एक लेआउट पाहायला गेलो होतो. दहा मिनिटं लागतीलही, रात्री दोन वाजता गेलं तर!

म्हणून त्याला सांगा, अख्खं नागपूर सोडून दे. मानेवाडा, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर एवढाच पट्टा धर, जो गाडीवर एका दुपारी पालथा घालता येतो. आणि जाहिरातींच्या आधी सरकारी नोंदी वाचायची सवय लाव. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशा, पूर्णत्वाची तारीख, चालू असलेले खटले, सगळं उघडं पडतं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर पाडलेल्या प्लॉटच्या लेआउटलाही ही नोंदणी लागते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. १ ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीत क्यूआर कोडही द्यावा लागतो. भावासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्याचा गोषवारा, बघावा आणि त्यातला भाव रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दराशी ताडून पाहावा. कागदावरचा आकडाही नेहमी खरा असतो असं नाही, तुम्हाला मी काय सांगू! तरी जाहिरातीपेक्षा तो बरा.

नागपुरात प्लॉट घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘आरएल आहे का? एनए झालाय का?’ म्हणजे प्लॉटच्या मंजुरीचं पत्र आहे का, आणि जमीन बिगरशेती झाली आहे का. मंजुरी कुणाची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हा त्यापुढचा प्रश्न. सातबारा हातात घेऊन ही भानगड साध्या मराठीत उलगडून सांगणारा मुलगा बिल्डरच्या ऑफिसला हवा असतो, जाहिरात एजन्सीला हवा असतो. ‘ड्रीम होम’ आणि ‘प्राइम लोकेशन’ लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, आणि आता तर ते काम यंत्रही फुकटात करतं.

एक गोष्ट मात्र आजच बघा. मामाकडून तो पगार घेऊन जाहिराती टाकत असेल तर प्रश्न नाही. पण गिऱ्हाइकाची गाठ घालून देऊन स्वतः कमिशन घेत असेल, तर रेरा कायद्याने तो एजंट ठरतो. त्याला स्वतःची नोंदणी लागेल, आणि त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागेल. नोंदणी नसेल तर दंड दिवसाला १०,००० रुपयांचा आहे, आणि तो भाच्याच्या नावावर पडेल.

बी.कॉम. सोडू देऊ नका. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. गृहकर्ज देण्याआधी बँका वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासून मालकी कुणाची याचा अहवाल, मागवतात. ते काम ज्याला जमतं त्याला जाहिरातींवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि तो लिहील तेही वजनदार होईल. माझा कल तिकडे आहे. त्याचा नसला तर ओढू नका.

सध्या एवढंच करा. या रविवारी मामाच्या चालू लेआउटची जाहिरात आणि त्याचे कागद शेजारी शेजारी ठेवून त्याला बसवा. जाहिरातीतल्या किती गोष्टी कागदावर सापडल्या नाहीत, ते एका पानावर लिहून मला पाठवायला सांगा. मामांना राग आला तर माझं नाव सांगा.