बारावी सायन्सला बोर्ड आणि सीईटी एकत्र जमवायला दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

वेळापत्रकाचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकतो. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात प्रत्येक विषयाचे ५० प्रश्न. त्यातले साधारण २० टक्के अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. गणिताच्या प्रश्नाला २ गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला १, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणजे गणिताला निम्मा वेळ, बाकी दोघांना मिळून निम्मा, आणि पेपरात एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. बोर्डासाठी दर रविवारी एक जुना पेपर तीन तास घड्याळ लावून हाताने लिहा, कारण वर्षभर नुसते पर्याय निवडणाऱ्याला फेब्रुवारीत सलग लिहिणं जड जातं. बोर्डाच्या बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावं लागतं. दोन्हींपैकी एकच लिहिलंत तर शून्य. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, तेव्हा ते आतापासून हाताखाली घ्या. झालं वेळापत्रक.

आता खरं बोलू. प्रश्नासोबत तुम्ही लिहिलंय की तुम्ही ओबीसी आहात, आणि घरचे म्हणतात "कागदपत्रांचं निकालानंतर बघू, तू फक्त अभ्यास कर". या वाक्यावर माझा जुना राग आहे. चांगल्या पर्सेंटाइलची मुलं ऐन कॅप (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश) फेरीत ओपनमध्ये ढकलली जातात ती या वाक्यापायी.

बहुतेक घरांत जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि जात वैधता या तिघांची खिचडी असते. दाखला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, देतात. नॉन-क्रीमीलेयरचा संबंध घरच्या आर्थिक स्थितीशी, आणि त्याला मुदत असते. वैधता म्हणजे त्या दाखल्याची पडताळणी, ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या राखीव जागेला तिन्ही लागतात (एससी-एसटीला नॉन-क्रीमीलेयर लागत नाही, एसटीच्या समित्याही वेगळ्या). पहिले दोन सेतूत किंवा 'आपले सरकार'वर अर्ज करून तुलनेने लवकर मिळतात. अडतं ते वैधतेपाशी.

वैधतेत समिती तुमच्याकडे फार बघत नाही, तुमच्या आजोबा-पणजोबांकडे बघते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५०. या तारखेला तुमचं घराणं महाराष्ट्रात कुठे राहत होतं आणि जात काय लावत होतं, ते दाखवायचं असतं. जुन्या नोंदीला वजन जास्त, कारण त्या वेळी जात लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळवायचं नव्हतं. वडिलांचा १९८५ चा शाळेचा दाखला जोडून "पुरावा दिला" म्हणणारे इथेच फसतात.

आजोबा शाळेत गेले असतील तर त्या प्राथमिक शाळेतून जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचाच घ्या, मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. शाळेचं तोंड पाहिलं नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. आजोबांची स्वतःची नोंद नाही सापडली तर त्यांच्या भावाबहिणींच्या जन्माची शोधा, तीही चालते. आता त्या पानावर प्रत्यक्ष काय असतं? एका ओळीत बापाचं नाव, बहुधा आडनावाशिवाय, आणि जातीच्या रकान्यात कधी पूर्ण शब्द, कधी नुसतं 'कु.'. बरीच जुनी पानं मोडी लिपीत. मोडीची नक्कल घेतलीत तर अधिकृत मोडी वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून ते सोबत जोडावं लागतं, आणि असे वाचक गल्लोगल्ली मिळत नाहीत. यातच महिना सहज जातो.

मग नावाचा घोळ. कोतवाल बुकात 'तुका', वडिलांच्या दाखल्यावर 'तुकाराम', आधारवर आडनाव वेगळंच. तिघं एकच, हे समितीने का मानावं? वंशावळीचं शपथपत्र द्यावंच लागतं, पण ते तुमचंच म्हणणं. त्याला टेकू म्हणून आजोबा वारल्यावर जमिनीला वारस लागले तो फेरफार, गाव नमुना ६, काढा. त्यात मयत खातेदार आणि त्याचे वारस एकाच नोंदीत असतात, आणि आजोबांपासून वडिलांपर्यंतचा दुवा इतका सरळ दुसऱ्या कुठल्या कागदात मिळत नाही. जमीन नसेल तर गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा जुना उतारा बघा. आईकडचे कागद मात्र जोडत बसू नका, नातं वडिलांच्या बाजूचंच धरतात. आणि सगळ्यात आधी चुलत्यांना, आत्याला, चुलत भावंडांना फोन करा. त्यांच्यापैकी कुणाकडे वैधता असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

फाईलमध्ये विसंगती दिसली की ती दक्षता पथकाकडे जाते. मग गृहचौकशी, शाळेच्या मूळ रजिस्टरची तपासणी, आणि तारीख पे तारीख. कागद चोख असले तरी काही महिने धरून चालायचं. निकाल आणि कॅप यांच्यामधल्या आठवड्यांत हे बसत नाही, साधं गणित आहे.

राहता पुण्यात आणि मूळ गाव बीड जिल्ह्यात असेल तर अर्ज पुण्याच्या समितीकडे नाही. दाखला ज्या जिल्ह्यातल्या प्रांतांनी दिला, त्या जिल्ह्याची समिती. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याला तुमच्या प्राचार्यांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. नावापुरत्या कॉलेजात प्रवेश घेऊन दिवसभर क्लासमध्ये बसणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं, तिथल्या कारकुनाला तुम्ही कोण हेच माहीत नसतं. शपथपत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक मागणारे अजून भेटतात. शिक्षणासाठी लागणाऱ्या दाखल्यांना तो २०२५ मध्ये माफ झालाय, साधा कागद पुरतो.

नॉन-क्रीमीलेयरची मुख्य गोम: तारीख. राज्याच्या कॅपला प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. जेईईनंतरच्या जोसा फेरीला (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला) केंद्राच्या नमुन्यातलं, आणि तेही त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. राज्याच्या नमुन्यातला कागद तिथे अपलोड केलात तर नाकारतात. शिवाय जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा, राज्याची आणि केंद्राची यादी वेगळी आहे. नॉन-क्रीमीलेयरच्या ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे "बाबांचा पगार जास्त आहे, आपल्याला मिळणार नाही" असं घरबसल्या ठरवून मोकळे होऊ नका.

बारावीच्या मुलाला अभ्यासाखेरीज काही करू न देणं हे प्रेम असेल, पण ते महागात पडतं. वडिलांना रजा मिळत नाही आणि ऑनलाइन फॉर्म जमत नाही. मुलाला दोन्ही जमतं. वर्षभरातले चार दिवस याला दिले म्हणून कुणाचे मार्क गेलेले मी पाहिले नाहीत.

हो, दोन गोष्टी राहिल्या. काही वर्षी सरकार वैधतेच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन नंतर मुदत देतं. त्या मुदतीतही वैधता आली नाही तर राखीव जागा जाते, आणि पावती मिळायलाही अर्ज आधीच केलेला असावा लागतो. दुसरं, तुम्हाला फक्त केंद्राच्या कोट्यातून जायचं असेल तर ही वैधता कुणी मागत नाही. पण बारावीत असताना हे ठामपणे कोण सांगू शकतं?

तर वेळापत्रकात एवढं घाला: दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस गावी. लक्ष्मीपूजन-पाडव्याला तहसील बंद असतं, त्याच्या आधीचे किंवा नंतरचे कामाचे दिवस धरा, आणि निघण्याआधी पणजोबांचं नाव घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्या.