ओहोळ बुजवला, झाडं तोडली : दाद कुठे मागायची?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी शेती आहे. शेजाऱ्याने मार्चअखेर जेसीबी लावून आमच्यामधला ओहोळ बुजवला आणि द्राक्षाच्या वाढीव ओळींसाठी तिथे अँगल रोवले. काठची जुनी जांभूळ आणि दोन करंज तोडले. तिथल्या घाणेरीच्या जाळीत दर पावसाळ्यात लांडोर अंडी घालायची. माझं रान वरच्या अंगाला, त्यामुळे पाणी आता माझ्या टोमॅटोत तुंबतं. तलाठी भाऊसाहेब म्हणतात, ‘ओहोळ त्याच्याच गटात आहे.’ एप्रिलमध्ये तहसीलला अर्ज दिला, पण काहीच हाललं नाही. थेट पुण्याला हरित लवादात जाऊ का?

उत्तर : लवाद नंतर बघू. आधी कॅलेंडर बघा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतातल्या पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला कुणी अडथळा केला, तर तो काढून टाकण्याचा आणि पुन्हा करू नये म्हणून मनाई देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. तुमची मुदत सप्टेंबरअखेर संपते. हा सोपा आणि स्वस्त उपाय केवळ तारीख हुकल्यामुळे हातचा जाताना मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून कळकळीने सांगतो : एप्रिलच्या साध्या अर्जावर विसंबून राहू नका. कलम ७ प्रमाणे रीतसर दावा करा. त्यात दोघांची नावं, वय, व्यवसाय, पत्ते, अडथळा कुठे व कसा आहे, तो कोणत्या तारखेला झाला, कागदपत्रं आणि साक्षीदार हे सगळं यायला हवं. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

‘त्याच्याच गटात आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. गट त्याचा असला तरी वरून येणारं पाणी नैसर्गिक वाटेने पुढे जाऊ देणं त्याला भागच आहे. शिवाय ओहोळ खरंच त्याचा आहे का, तेही तपासा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. नकाशात ओहोळ वेगळा दाखवला असेल आणि तो कुणाच्या मालकीचा नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे त्याचं पात्र शासनाचं आहे. गटातच असेल तर सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य धरलेली जागा, बघा. वर्ग ‘ब’ लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम होते, कारण इतरांच्या वापरातला ओढा, रस्ता अशा जागा त्या वर्गात येतात. नक्कल हाती येताच हद्द कायम मोजणीचा अर्जही टाका.

आता झाडं. जांभूळ १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. मालकालाही ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. करंज त्या यादीत नाही, म्हणून तक्रारीत भर जांभळीवरच द्या. लाकूड कधीच गेलं असेल, पण बुंधा असेल. त्यावर फीत धरून घेर दिसेल असा फोटो घ्या, मागे ओळखू येईल अशी विहीर किंवा खांब येऊ द्या आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

लांडोरीबद्दल मात्र जपून लिहा. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. अंडी फोडणं किंवा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा कायद्याने ‘शिकार’च आहे आणि त्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. पण मार्चमध्ये तिथे अंडी होती, असं तुम्ही कुठेच म्हणत नाही. नसलेली गोष्ट जोडली तर उलटतपासणीत तुमचा खरा दावाही डळमळेल. उरलेल्या जाळीत आता घरटं दिसलं आणि कुणी त्याला हात लावायला आलं, तर लगेच वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा.

हरित लवादाकडे सात कायदे येतात. त्यात २००२ चा जैवविविधता कायदा आहे, पण वन्यजीव कायदा आणि वृक्षतोडीचा कायदा नाही. शिवाय लवादाला ‘पर्यावरणाचा भरीव प्रश्न’ लागतो, आणि एका बांधाच्या वादाला तसं ठरवणं अवघड. पर्यावरण पूर्ववत करून मागायला तिथे पाच वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तो दरवाजा काही आजच बंद होत नाही.

ग्रामपंचायतीकडे मात्र जरूर जा. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. नोंदवहीची प्रत मागा. ओहोळ, जांभूळ, मोर यांची नोंद असेल तर प्रमाणित नक्कल दाव्याला जोडा. नोंदवहीने काम थांबत नाही, पण तिथे काय होतं याचा तो वादाच्या आधीचा पुरावा आहे. नोंद नसेल तर गावातल्या जुन्या माणसांना घेऊन आजच करायला लावा, उरलेल्या काठासाठी तरी.

दाव्यातली मागणी नेमकी ठेवा : ओहोळ मूळ रुंदी-खोलीने मोकळा करावा आणि निकाल लागेपर्यंत तिथे आणखी भर टाकू नये. नवी झाडं लावून मिळावीत ही मागणी त्यात घालू नका. या कलमाखाली तो अधिकार तहसीलदारांना नाही. ती वनविभागाच्या तक्रारीत लिहा.