पहिल्यांदा कौल लावताय? मग एवढं बघा

गावच्या देवाला कौल लावायचं, म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून कुठल्या बाजूचं पडतं त्यावरून देवाचं उत्तर घ्यायचं, मनात आलंय ना, मग बिचकू नका. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलानेच ठरते. आधी गुरवांना वेळ विचारा. पाकळ्या लावायच्या की तांदूळ, उजवा-डावा (बहुधा होकार-नकार) कसा धरायचा, हे देवळागणिक बदलतं. ते सांगतील तसं करा.

खरी मेख प्रश्नात आहे. "माझं पुढे कसं होईल?" याला पाकळी काय उत्तर देणार? "मुंबईची नोकरी सोडून गावी काजूची बाग करू का?" असं थेट विचारा. "बाग करू की खानावळ काढू?" हेही नको, एका वेळी एकच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- डावा पडला की शब्द फिरवून पुन्हा लावतात. उजवा पडेपर्यंत मागायचं, तर विचारायचं कशाला?
- दुखणं घेऊन डॉक्टरच्या आधी देवळात येतात.
- चोर कोण, करणी कुणाची, असलं विचारतात. वाडीत वैरं होतात हो त्यातून!

ओली पाकळी कधीकधी बराच वेळ जागची हलत नाही. परतीची गाडी पकडायची असेल त्या दिवशी जाऊच नका. मानपानाची, देवस्कीची (देवाच्या कोपा-बाधेची) गाऱ्हाणी सध्या राहू द्या.