सुपरहिरोचा ड्रेस बघायचा कसा

अरे, ट्रेलर आला की लगेच 'ड्रेस बेकार' म्हणून मोकळा होऊ नकोस, आधी हिरो हलताना बघ. १९८९ च्या बॅटमॅनमधे मायकल कीटनला त्या रबरी मुखवट्यात मान वळवता यायची नाही, बाजूला बघायचं तर आख्खं अंग फिरवायचा, आणि मला विचारशील तर त्यामुळेच तो असा जबरदस्त दिसला. २००८ च्या डार्क नाइट या बॅटमॅनच्याच सिनेमात मान वळणारा सूट आला, सोयीचा आहे पण तो दरारा नाही, यावर मी कोणाशीही वाद घालेन.

आपल्या कुडाळ-मालवणात दशावतार होतो ना, एकदा जत्रेत रात्रभर बस. सेट म्हणजे एक बाकडं, नट आपला रंग आपणच लावतो, आणि राजा समोर आला की तो राजाच वाटतो, नुसत्या वेशावर नि चालीवर. तीच नजर घेऊन ब्लॅक पँथर बघ. त्याचे कपडे करणाऱ्या रूथ कार्टरला त्यासाठी २०१९ मधे ऑस्कर मिळालं, राणीचा तो गोल मुकुट दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू बायकांच्या टोपीवरून घेतलाय, आणि बनवला थ्रीडी प्रिंटिंगने! जुनं आणि नवं असं जुळलं ना की मला खरंच भरून येतं.

असा ड्रेस स्वतः करायला घेतलास तर फोम शीटपासून सुरू कर, पण आपल्याकडच्या पावसात चिकटवायला बसू नकोस, ओल्या हवेत सांधे सुटतात. दिवाळीनंतर कर. आणि आतून सुती बनियन घाल, घामाने जीव जातो.